पदकोंडू

खाटेपासून मोरीपर्यंत अकरा पावलं.
नान्ना अंधारात मोजत जायचे, तेलुगूत,
ओकटी, रेंडू, मूडू…
पदकोंडूला हात आपोआप भिंतीतल्या खिळ्यावर.
चाळीस वर्षं मागावर सूत मोजलेला माणूस.
दिवा कशाला, म्हणायचे, बिल येतं.

आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी.
नाल्याला घाई होती, तो रात्री दोनलाच आत आला.
चार पोरांनी नान्नांना खुर्चीसकट उचललं
वरातीतल्या नवऱ्यासारखं.
हसत होते की ते. चष्मा राहिला.

मग शाळा. तिसरी ब.
दोन बाक जोडून त्यावर सतरंजी,
फळ्यावर कुणाचा तरी अर्धा राहिलेला भागाकार.
संडास मैदानापलीकडे, मध्ये चिखल.
उठू नका आजोबा, पडाल,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खिचडी वाढणारी पोरं म्हणाली,
मीही म्हणाले.
कुणीतरी डायपरचं पाकीट आणून दिलं, फुकट.
त्यांचं भलं होवो, मनापासून म्हणते.
एकोणीस दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून
त्यांना पडू दिलं नाही.

परत आलो तर घर उभं होतं.
कमरेपर्यंत ओल, खिळा जागेवर.
नान्ना तेवढे उभे राहीनात.
बखोटीला धरून उठवलं तर
पायांकडे असं बघत राहिले
जसे ते कुणाकडून उसने आणलेत.

पंचनाम्याला आलेला पोरगा भला होता.
भांडी लिहिली, दोन गाद्या, ज्वारीचं अर्धं पोतं.
मी म्हटलं, ह्यांचं चालणं पण लिहा.
त्यानं कागद उलटून बघितला,
मागे खरंच असा रकाना असेल म्हणून.

माझा हिशेब विड्यांत.
एक डायपर म्हणजे पावणेदोनशे विड्या.
दिवसाला तीन लागतात.
सकाळी सूप मांडीवर घेतल्यापासून ऊन उंबऱ्यावर येईपर्यंत
मी त्यासाठीच वळते,
उरलेल्या विड्यांत आम्ही तिघं.

दिवाळीला वॉकर. तो कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळतो.
संक्रांतीला पाठीला जखम,
दिवसाआड ड्रेसिंग.
उन्हाळ्यात पाण्याची गादी, बाळीवेशीतून, जुनी,
दोन ठिगळांची. पुराचं पाणी ओसरलं
आणि आम्ही पाणी विकत आणून त्यावर त्यांना झोपवलं!
मदतीचे पैसे आले, खोटं का बोलू,
एकदा आले. मेडिकलवाल्याकडे दोन महिने पुरले.
भिवंडीचा भाऊ तीन महिने पाठवत होता,
मग नुसता फोन,
मग फोनला रेंज नाही.
स्रवंती अकरावीतून घरी बसली, थोडे दिवस म्हणून.
ते थोडे दिवस मी अजून
कुठल्याच वहीत लिहिलेले नाहीत.
तिचा हात मात्र माझ्यापेक्षा भरभर चालतो विडीवर.
हे कौतुक तिला ऐकू जाईल असं मी बोलत नाही.

रात्री नान्ना झोपेत मोजतात.
पाय हलत नाहीत, ओठ हलतात.
सातावर अडकतात.
आमच्यात एडू म्हणजे सात,
आणि एडू म्हणजे रड.
मी अंधारातच पुढचे म्हणते,
एनिमिदी, तोम्मिदी, पदी,
आणि त्यांचा हात उचलून
माझ्या खांद्यावर ठेवते.
पदकोंडू. मग घोरायला लागतात.

यंदा पुन्हा रिक्षा फिरतेय भोंगा लावून,
ज्येष्ठांना आधी हलवा.
हलवणार. न हलवून कसं चालेल?
चष्मा कालच पिशवीत टाकला.
हेडमास्तरांना गाठून आले,
संडासाशेजारची खोली द्या, भले तिथे वास येऊ दे.
ती पोरं येतील खुर्ची उचलायला,
त्यांना म्हणणार आहे, दारापर्यंत नको,
दोन पावलं आधी त्यांना उभं करा, पडले तर मी आहे.
भिंतीतला खिळा काढून घेतलाय.
हातोडीपण.